गोलखांबापाशी हिरवं निशाण घेऊन

अमेरिकेहून परत आल्यापासून पेठेत जो भेटेल तो एकच विचारतो, नायगारा बघितला का. नाही बघितला. असं सांगितलं की समोरच्याचं तोंड पडतं. एवढं तिकीट काढून ही बाई गेली आणि धबधबा न बघता आली, म्हणजे हिचं काहीतरी बिनसलंय, असा त्याचा चेहरा होतो. बिनसलं काही नाही. ज्या वेळी लोक नायगाऱ्याला फोटो काढत होते त्या वेळी मी मिशिगनमधल्या एका मैदानावर, इरकली साडीवर पांढरा कोट चढवून, गोलच्या खांबाला लागून उभी होते. ते कसं झालं ते एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे रोज दारात उभं राहून सांगायला नको.

नेपरव्हिल

माझा धाकटा भाऊ श्रीकांत शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहतो. कॉम्प्युटर इंजिनियर म्हणून गेला आणि तिथलाच झाला. बोलणं इतकं गुळगुळीत झालंय की ‘यू नो, अक्का’ केल्याशिवाय वाक्य पुढं सरकत नाही. त्याची बायको वैशाली हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. मुलगा निनाद तिथंच जन्मला, तिशीला आलाय, ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक आहे. मी त्याची आत्या. कोल्हापूरच्या एका शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाले. आयुष्यभर गळ्यात शिट्टी होती, त्यामुळं माझा आवाज जरा मोठा आहे आणि तो कमी होणार नाही, हे मी विमानतळावरच सांगून टाकलं होतं.

तिथं गेल्यावर पहिले काही दिवस पहाटेच डोळे उघडायचे. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणातून टॉक, टॉक असा आवाज यायला लागला म्हणून बाहेर गेले, तर निनाद गॅरेजच्या भिंतीवर चेंडू मारत होता. हातात कंबरेएवढी काठी, खाली चपटी आणि रुंद, साधारण मोठ्या उलथन्यासारखी. चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढा, पांढरा, वर उभारलेल्या शिवणीचा. भिंतीवरून आलेला चेंडू तो हवेतच हातात धरायचा, परत उडवायचा, परत मारायचा. एकही खाली पडत नव्हता. मी पी.टी.ची बाई, मला असलं काही दिसलं की चहा सुचत नाही.

“हे काय रे?”

“हर्लिंग, आत्या. आयरिश गेम आहे. ही काठी म्हणजे हर्ली.”

मग त्यानं अंगणातच मला खेळ समजावला. हॉकी, फुटबॉल आणि थोडी मारामारी एकत्र केली की हर्लिंग होतं. चेंडू काठीवर तोलत पळायचं, हातानं धरायचं, हवेतच टोलवायचं. गोलचे खांब वर उंच वाढवलेले असतात. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. दांड्यावरून दोन खांबांच्या मधून गेला तर एक पॉइंट. निनादला हा खेळ त्याच्या ॲम्ब्युलन्सवरच्या आयरिश जोडीदारानं दाखवला, आणि आता हा शिकागोच्या एका क्लबचा गोलकीपर होता.

श्रीकांत किचनच्या दारात कॉफी घेऊन उभा होता. म्हणाला, “खूळ आहे त्याचं. ना आपला खेळ, ना त्याच्या देशाचा. आयर्लंडच्या लोकांनी खेळावा. हा कशाला मरतोय?”

“मग फुटबॉल काय शिवाजी पेठेत जन्मला होता?” मी म्हटलं.

त्यावर तो कॉफी घेऊन आत गेला. याच श्रीकांतनं लहानपणी पेठेची फुटबॉल मॅच बघायला शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पँट फाडून घेतली होती. पण आता पोराची एकही मॅच त्यानं बघितलेली नव्हती. खेळायला लागल्याच्या पहिल्याच वर्षी निनादची भुवई काठीनं फुटली, टाके पडले, तेव्हापासून ह्यानं धसका घेतलेला. वैशाली जायची, हा घरी गवत कापायचा.

खरी गोष्ट मला वैशालीनं भाजी चिरताना सांगितली. मागच्या वर्षी देशभरातल्या क्लबांच्या चॅम्पियनशिपमध्ये निनादची टीम फायनलला गेली आणि शेवटच्या मिनिटाला हरली. वरून आलेला साधा चेंडू निनादच्या हातातून निसटून जाळ्यात गेला होता. कुणी त्याला काही बोललं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. वर्षभर पहाटे उठून तो त्या भिंतीवर चेंडू मारत होता. या वर्षी पुन्हा चॅम्पियनशिप होती, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला.

“या वेळी पण माझ्यामुळं हरलो तर मी सोडणार, आत्या,” निनाद मला म्हणाला. “आय मीन इट. हर्ली कुणाला तरी देऊन टाकणार.”

त्याच दिवशी मी नायगाऱ्याचं बुकिंग कॅन्सल करायला लावलं.

नेपरव्हिल ते ॲन आर्बर

निनाद टीमबरोबर शुक्रवारीच गेला. वैशालीला सुट्टी मिळेना. मी श्रीकांतला म्हटलं, तू येत नसशील तर मी बसनं जाते. माझं इंग्लिश आणि माझा हट्ट दोन्ही माहीत असल्यामुळं त्यानं मुकाट्यानं गाडी काढली. “ड्राइव्ह करतो, पण मॅच बघणार नाही. गाडीत बसून काम करीन,” एवढी अट घातली. मी मान्य केली. भावाच्या अटी कशा असतात ते मला माहीत आहे.

वैशालीनं बरोबर थालीपिठं, दाण्याची चटणी आणि डबाभर चिवडा दिला होता. शिकागो मागं टाकलं की इंडियानाचे कारखाने लागतात, ते संपले की मका. एवढा मका मी पन्हाळ्यापासून पार कोकणापर्यंत सगळं एकत्र केलं तरी बघितलेला नाही. मिशिगनमध्ये शिरलं की झाडी वाढते आणि रस्त्याकडेला फळांच्या टपऱ्या दिसायला लागतात. एका टपरीवर कुणी माणूसच नव्हता. टोपल्यांत ब्लूबेरी आणि पीच मांडून ठेवलेले, शेजारी पैसे टाकायचा डबा. आमच्याकडं असं ठेवलं तर फळं राहू देत, डबा पण राहणार नाही, असं मी म्हटलं. श्रीकांतला वाईट वाटलं. म्हणाला, “तसं काही नाही हं, अक्का.” परदेशात राहणाऱ्याला गावाबद्दल जरा जास्तच प्रेम असतं.

मिशिगनमध्ये घड्याळ एक तास पुढं असतं, हे मला गाडीत कळलं. शिकागोत दहा वाजले की ॲन आर्बरमध्ये अकरा. एकाच देशात शेजारच्या गावाला जाताना घड्याळ बदलायचं, ही भानगड मला काही झेपली नाही. आणि ती मलाच नाही, आणखी एकाला झेपली नव्हती. ते पुढं येईल.

ॲन आर्बर, शनिवार

गाव विद्यापीठाचं आहे. सायकली, बस, पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं. मैदानं गावाबाहेर, एकाला एक लागून, आणि त्यांवर सगळीकडं हेल्मेट घातलेली माणसं काठ्या घेऊन धावत होती. कडेनं तंबू, गाड्यांच्या डिक्क्या उघडलेल्या, पोरंबाळं, कुत्री. आमच्याकडच्या मॅचसारखा गोंगाट, फक्त फटाके नव्हते.

पहिला धक्का चहाचा. एका तंबूत आयरिश बायकांनी मोठ्या किटलीत चहा केला होता. काळाकुट्ट, कडक, वर दूध. अमेरिकेत पाय ठेवल्यापासून मी कोमट पाण्यात बुडवलेल्या पिशव्या पीत होते. हा चहा प्यायले आणि त्या बायकांशी माझं नातं जुळलं. त्यांनी बेदाणे घातलेला जाड पाव आणि लोणी दिलं, मी थालीपीठ आणि चटणी दिली. एका पोरानं थालीपीठ केचपला लावून खाल्लं. पाहुणी होते, म्हणून त्याला दुसरं दिलं.

तिथंच निनादनं डोनलची ओळख करून दिली. डोनल म्हणजे त्यांचा कॅप्टन. चाळिशी कधीच ओलांडलेली, लाल केस, शिकागोत घरांच्या छपरांची कामं करतो. आयर्लंडच्या ज्या गावातून तो आला तिथं लहान असताना मोठ्या भावांबरोबर गावाची चॅम्पियनशिप जिंकला होता. त्याच्याकडून मला कळलं की तिकडं ज्या गावात जन्मलास त्या गावाच्या क्लबकडूनच खेळायचं, मरेपर्यंत. पैसे कुणालाच मिळत नाहीत, कितीही मोठा खेळाडू असला तरी.

“आमच्या गावातला सगळ्यात मोठा खेळाडू पोस्टमन होता,” डोनल म्हणाला. “रविवारी सत्तर हजार लोकांसमोर खेळायचा आणि सोमवारी सायकलवरून पत्रं वाटायचा. ज्याच्या दारात पत्र टाकायचा तो आधी त्याच्या चुका सांगायचा, मग पत्र घ्यायचा.”

मी म्हटलं, “आमच्या पेठेत पण हेच. गॅरेजवाला फॉरवर्ड, दूधवाला बॅक. हरलेल्या आठवड्यात दूधवाल्याकडून दूध घेताना लोक पातेलं आपटतात.”

डोनलला हे इतकं आवडलं की त्यानं ते सगळ्या टीमला सांगितलं. श्रीकांत बाजूला उभा राहून ऐकत होता. काम करायला गाडीत बसणार होता तो, पण लॅपटॉप अजून पिशवीतच होता.

सेमीफायनल संध्याकाळी झाली. मी पहिल्यांदाच हा खेळ बघत होते. फार वेगवान. चेंडू दिसायच्या आत तिकडच्या टोकाला. निनादनं दोन चेंडू असे अडवले की मी उभ्या जागी टाळ्या वाजवल्या. पण गोलपाशी उभे असलेले पांढऱ्या कोटातले पंच मला पटले नाहीत. एक तर गप्पा मारत होता. खांबाजवळून गेलेला एक चेंडू आत होता, त्यानं बाहेर दिला. मी तिथून ओरडले, आधी इंग्लिशमध्ये, मग ते पुरेना म्हणून कोल्हापुरीत. शिकागो जिंकली. फायनल रविवारी दुपारी.

ॲन आर्बर, रविवार

सकाळी तंबूत डोनल माझ्याकडंच चालत आला. या खेळात मैदानाच्या दोन्ही टोकांना गोलच्या खांबांपाशी दोन-दोन पंच उभे राहतात, आणि क्लबच्या मॅचला दोन्ही क्लबांनी आपापली माणसं पंच म्हणून द्यायची पद्धत आहे. शिकागोकडून जो म्हातारा येणार होता तो त्या दिवशी सकाळी शिकागोहून गाडीनं निघाला होता. घड्याळ शिकागोचं धरून. एक तासाचा फरक विसरून गेला. फायनल सुरू होईल तेव्हा तो वाटेत कुठंतरी मक्याच्या शेतात असणार होता.

“काल तुम्हाला सगळं दिसत होतं,” डोनल म्हणाला. “तर आज तुम्हीच उभ्या राहा.”

“मी त्याची आत्या आहे.”

“इथं प्रत्येकजण कुणाची ना कुणाची आत्या आहे. समोरच्या टीमच्या पंचबाईचा नवरा खेळतोय.”

श्रीकांत म्हणाला, “अक्का, नको. उगाच लफडं होईल.” तो नको म्हणाला म्हणून मी हो म्हणाले.

रेफरीनं पाच मिनिटांत काम शिकवलं. एका खांबाशी मी, दुसऱ्या खांबाशी समोरच्या बॉस्टनच्या टीमची मॉरीन. पॉइंट झाला की मॉरीननं पांढरं निशाण उंच करायचं, गोल झाला की मी हिरवं. बाहेर गेला तर दोन्ही हात हलवायचे. चेंडू पूर्ण रेषेपलीकडं गेल्याशिवाय गोल नाही. मला कोट दिला, तो डॉक्टरच्या कोटासारखा लांब. साडीच्या निऱ्या आत खोचून वर बटणं लावली. खाली माझे पांढरे बूट होतेच. मॉरीन माझ्याच वयाची, जाड चष्म्याची, हसतमुख. ती म्हणाली, साडीवर कोट घातलेला पंच मी पहिल्यांदाच बघतेय. मी म्हटलं, मी पण.

पहिल्या अर्ध्यात आमच्या बाजूला बॉस्टनचा गोल होता, म्हणजे शिकागोचे चेंडू आमच्याकडं येत होते. निनाद लांब दुसऱ्या टोकाला. डोनलनं एकापाठोपाठ एक चेंडू दांड्यावरून घातले. प्रत्येक वेळी मॉरीन पांढरं निशाण वर करायची आणि मी माझं हिरवं घेऊन उभी. हात शिवशिवत होते. एक तरी गोल शिकागोनं मारावा आणि मला ते निशाण फडकवायला मिळावं, असं मनापासून वाटत होतं. पंचानं असं वाटून घ्यायचं नसतं, ते मला कळतं. पण वाटत होतं. बॉस्टनही काही कच्चे नव्हते. हाफ टाइमला दोघं बरोबरीत.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या आणि निनाद आमच्या गोलमध्ये आला. माझ्यापासून हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. हेल्मेटच्या जाळीतून त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागला. मी पण समोर. त्याचा श्वास जोरात चाललेला मला ऐकू येत होता. त्याला पाणी हवंय का, विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

त्या दुपारी माझा भाचा जे खेळला ते मी जवळून बघितलं, आणि ते मला सांगायलाच हवं. एक चेंडू गुडघ्याएवढ्या उंचीवरून इतक्या जोरात आला की त्याचा वारा माझ्या कोटाला लागला. निनादनं काठी खाली घातली आणि चेंडू तिथंच मेला. दुसरा त्यानं दोन माणसांच्या मधून उडी मारून हातात धरला, खाली पडला, उठला आणि मैदानाच्या मध्यापलीकडं टोलवला. मॉरीन माझ्याकडं बघून म्हणाली, “हा कोण पोरगा आहे?” मी म्हटलं, गोलकीपर आहे. त्याहून जास्त सांगणं बरं नव्हतं. शिकागो दोन पॉइंटनी पुढं गेली आणि वेळ संपत आली.

तेव्हा बॉस्टनचा एक उंच फॉरवर्ड तीन जणांना चकवून आत शिरला. मॉरीनच्या समोर दोन खेळाडू एकमेकांवर आदळून पडले. त्या पोरानं जवळून मारलं. निनादच्या काठीला चेंडू लागला, वर उडाला आणि त्याच्या खांद्यामागं पडला. तो उलटा पडत वळला, हातानं चेंडू ओढून घेतला आणि पडल्या पडल्या बाहेर भिरकावला. शिकागोची माणसं ओरडली, वाचवला. बॉस्टनची ओरडली, गोल. रेफरीनं शिट्टी मारली आणि धावत आमच्याकडं आला.

त्यानं आधी मॉरीनला विचारलं. ती म्हणाली, “माझ्यासमोर दोघं पडले होते. मला दिसलं नाही.” खरं बोलली. तिचा नवरा त्याच टीममध्ये, गोल दिला असता तर जिंकायला लागले असते, आणि ती म्हणाली दिसलं नाही.

मग रेफरी माझ्याकडं वळला.

मला दिसलं होतं. पांढरा चेंडू रेषेच्या आत, गवतावर, रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये हिरवं गवत. निनादचा हात जाऊन पोचला तोपर्यंत तो आत होता. नाही म्हटलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तेवढ्या वेळात मला वैशाली आठवली, गॅरेजची भिंत आठवली, ‘मी सोडणार, आत्या’ आठवलं. पण अंगात तो कोट होता आणि डोळ्यांनी जे बघितलं ते बघितलं. मी हिरवं निशाण वर केलं. सबंध मॅचमध्ये एकदाच केलं, आणि ते माझ्याच पोरावर.

बॉस्टन एका पॉइंटनी पुढं. निनाद जाळ्याला पाठ लावून उभा होता, माझ्याकडं बघत नव्हता. आणि कडेच्या गर्दीतून, इतक्या वर्षांत अमेरिकेत कधी न निघालेला आवाज आला.

“अक्का, डोळं फुटलं काय गं तुझं? बाहेर हुता की त्यो!”

श्रीकांत. यू नो, हाय देअर, सगळं गळून पडलं होतं. दोरीच्या आत पाय टाकून उभा होता, शर्टाच्या बाह्या वर, चेहरा लाल. आजूबाजूच्या लोकांना शब्द कळत नव्हते, अर्थ कळत होता. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पंच प्रेक्षकाकडं बघत नाही. पण आत कुठंतरी बरं वाटलं की गड्याला अजून ओरडता येतं.

पुढच्या मिनिटाला डोनलनं पळत पळत कोपऱ्यातून पॉइंट मारला. बरोबरी. रेफरी घड्याळ बघत होता. शेवटचा खेळ चालू, आणि मैदानाच्या मध्याच्या अलीकडं बॉस्टनच्या एकानं शिकागोच्या खेळाडूचा हात धरला. फ्री हिट मिळाला. अंतर खूप. असे चेंडू एरवी डोनल मारायचा. तो चेंडूपाशी गेला, उभा राहिला, लांबच्या गोलकडं बघितलं, मग उलटा वळला आणि आमच्याकडं हात केला. त्याचा खांदा एवढं लांब मारण्याच्या लायकीचा राहिला नव्हता. त्याला निनाद हवा होता.

निनाद माझ्या शेजारून निघाला. धावत गेला नाही, चालत गेला. मॉरीन हळूच म्हणाली, “पोस्टला हात लावून उभ्या राहा, नाहीतर पडाल.” मी खांबाला हात लावला.

त्यानं काठीनं चेंडू उचलला, हवेत घेतला आणि मारला. टॉक. अंगणातला तोच आवाज. चेंडू इतका वर गेला की ढगात दिसेना. सगळं मैदान माना वर करून. मला चेंडू सापडेना, म्हणून मी लांबच्या गोलपाशी उभ्या असलेल्या दोन पंचांच्या पांढऱ्या ठिपक्यांकडं बघत राहिले. ते दोघंही वर बघत होते. एक वाकला. वाकून जमिनीवरून काहीतरी उचललं. मग पांढरं निशाण वर गेलं, आणि वरच राहिलं.

त्यानंतरची शिट्टी मी ऐकली नाही. शिकागोची माणसं मैदानात घुसली. डोनल गुडघ्यांवर बसून रडत होता, उघड, लाज न बाळगता. निनादला त्यांनी खांद्यावर घेतलं, तो उतरला, हेल्मेट काढून फेकलं आणि सरळ आमच्या गोलकडं पळत आला.

“आत्या, तो बॉल.”

“आत होता.”

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “मला वाटलं, तू डोळे मिटले असशील.”

“मी डोळे मिटत नाही,” मी म्हटलं, आणि मग मी रडले. मॉरीन पण रडली, तिचा नवरा हरला होता म्हणून की काय, देव जाणे. तिनंच मला घट्ट धरलं.

कप घेताना त्यांची एक पद्धत आहे. जिंकलेला कॅप्टन आधी हरलेल्यांसाठी सगळ्यांना तीनदा जयघोष करायला लावतो. बॉस्टनसाठी आम्ही सगळे ओरडलो. मग डोनलनं कप निनादच्या हातात दिला, आधी तू उचल म्हणाला. निनादनं बापाला शोधायला गर्दीकडं मान वळवली. श्रीकांत सगळ्यात पुढं होता, त्याला शोधावंच लागलं नाही.

परत नेपरव्हिल

परतताना निनादनं गाडी चालवली आणि श्रीकांत कप मांडीवर घेऊन पुढं बसला. मागं ठेव म्हटलं तर म्हणाला, धक्का लागेल. इंडियानात पेट्रोलला थांबलो तर कप घेऊन आत गेला. काउंटरवरच्या पोरीला सांगून आला, माय सन, गोलकीपर. पुढच्या थांब्यावर एका ट्रकवाल्याला सगळी मॅच सांगितली. तिथपर्यंत निनादनं मारलेलं अंतर दीडपट झालं होतं. माझ्या गोलची हकिगतही त्यात होती, पण ‘माझी बहीण, सख्ख्या भाच्यावर गोल दिला’ असं छाती फुगवून. डोळं फुटलं काय, हे त्यातून गळालं होतं. मी आठवण करून दिली नाही.

घरी वैशालीनं दारातच आम्हाला ओवाळलं. सगळ्यांनी पोटभर जेवण केलं, कप टेबलावर मधोमध, कोशिंबिरीच्या शेजारी. श्रीकांतनं वैशालीला मॅच पहिल्यापासून सांगितली, ती दर वाक्याला ‘माहीत आहे, फोनवर लाइव्ह बघितली’ म्हणत होती, तरी हा थांबला नाही. निनाद सोफ्यावर पाय पसरून पडला होता, डोळे मिटत आले होते.

“आता पुढच्या वर्षी कुठं आहे?” श्रीकांतनं विचारलं.

“अजून ठरलं नाही, बाबा. पण जायचंय. टायटल डिफेंड करायचंय.”

“हं,” श्रीकांत म्हणाला. मग रिमोट उचलून निनादच्या हातात दिला. “मागच्या वर्षीची फायनल असेल ना कुठं? ऑनलाइन?”

निनाद उठून बसला. “असेल. मी कधी बघितली नाही. बाबा, त्यात मी हरतो.”

“माहीत आहे,” श्रीकांत म्हणाला आणि त्याच्या शेजारी सरकून बसला. “लाव.”